झडपेची पारख

मराठीत 'झडप' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. खिडकीची झडप म्हणजे उघडमीट करणारी फळी. आणि ससाणा पाखरावर घालतो तीही झडपच. पहिल्या अर्थात आडोसा आहे, दुसऱ्यात वेग आहे. मोटारीच्या इंजिनातील ज्या भागाला आपण 'व्हॉल्व्ह' म्हणतो, त्याला हे दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात. तो दार लावतो आणि तेही ससाण्याच्या चपळाईने लावतो. तत्त्व पाहिले तर ते काही नवे नाही. लोहाराच्या भात्यात चामड्याचा एक तुकडा असतो. भाता फुगला की तो उचलला जातो आणि हवा आत येते. भाता दाबला की तो मिटतो आणि हवेला नळीवाटे निखाऱ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बाजाच्या पेटीचा भाताही याच युक्तीवर चालतो. आलेल्या हवेला भलत्या वाटेने परत जाऊ द्यावयाचे नाही, एवढेच झडपेचे काम. मोटारीच्या इंजिनात मात्र हे काम तिला आगीच्या तोंडाशी उभे राहून करावे लागते आणि सारी अडचण तेथूनच सुरू होते.

श्रोतेहो, आजचा विषय अगदी मर्यादित आहे. इंजिनाचे हेड उतरवले आहे, जुन्या झडपा निकामी ठरल्या आहेत आणि नव्या आणावयाच्या आहेत; त्या कशा निवडाव्या? सर्वसाधारण रीत अशी की, दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगावे, दुकानदार पुढे ठेवील ती पेटी उचलावी आणि खिसा सैल असेल तर त्यातल्या त्यात महाग असेल ती घ्यावी. या रीतीने कधी काम साधते, कधी बिघडते. आणि बिघडले की दोष मालाला किंवा मिस्त्रीला दिला जातो. वस्तुतः झडप ही एकटी निवडावयाची वस्तूच नव्हे. ती ज्या सीटवर बसणार, ज्या गाइडमधून सरकणार आणि ज्या इंधनाच्या ज्वाळेत तापणार, त्या तिघांशी तिची सोयरीक जुळली पाहिजे. हे तिघे कोण, हे ठाऊक नसताना झडप निवडणे म्हणजे स्थळ न पाहता लग्न ठरविण्यासारखे आहे.

उदाहरणासाठी आपण सर्वांच्या ओळखीची एक गाडी घेऊ. बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी ॲम्बॅसेडर मोटार २०१४ साली बनावयाची थांबली. परंतु तिची जुनी पेट्रोल इंजिने अद्याप पुष्कळांनी जपून ठेवली आहेत. कोणाच्या वडिलांची गाडी असते, कोणी ती हौसेने विकत घेतलेली असते, तर कोणाची ती अजूनही लग्नसराईत भाड्याने जाते. १४८९ घनसेंटिमीटरचे हे इंजिन मूळ इंग्लंडमधील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या रचनेचे. त्याचे सिलिंडर चार, झडपा आठ आणि हेड ओतीव लोखंडाचे. त्यात झडपेच्या सीटा निराळ्या बसविलेल्या नसत. हेडच्या लोखंडातच त्या कापून काढलेल्या असत. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे सारी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे.

प्रथम झडपेची दिनचर्या पाहू. झडपेचा आकार उलट्या धरलेल्या भूछत्रासारखा असतो. खाली गोल थाळी आणि तिच्यातून वर गेलेली दांडी. थाळीची कड तिरपी घासलेली असते आणि ती हेडमधील तितक्याच तिरप्या सीटवर टेकते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे करीत असेल तर प्रत्येक झडप मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. तासाभरात हा आकडा ९०,००० वर जातो. आत येणाऱ्या वायूची जी इनलेट झडप, तिची स्थिती त्यातल्या त्यात सुसह्य असते. पेट्रोल आणि हवा यांचे थंड मिश्रण तिच्या अंगावरून जाते आणि तिला निववते. जळलेला वायू बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप मात्र कोणत्याच बाजूने निवत नाही. मिटलेली असताना ती ज्वाळेला पाठ लावून बसते आणि उघडली की तोच तप्त वायू तिच्या मानेभोवती घोंघावत बाहेर पडतो. तिच्या थाळीचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या तापमानाला लोहाराच्या भट्टीतील लोखंड लाल दिसू लागते. अशा लाल झालेल्या धातूने सेकंदाला २५ वेळा आपटून घ्यावयाचे आणि तरीही आपला आकार सोडावयाचा नाही, अशी अपेक्षा आपण तिच्याकडून बाळगतो.

ती जगते कशी? तिच्या अंगातील उष्णतेपैकी ढोबळमानाने तीन-चतुर्थांश भाग सीटवाटे हेडमध्ये आणि तेथून रेडिएटरच्या पाण्यात उतरतो. उरलेला दांडीवाटे गाइडमध्ये जातो. झडप सीटवर टेकलेली असते तेवढाच काळ तिला ही निवण्याची उसंत मिळते. म्हणजे सीट ही तिची केवळ बैठक नव्हे, ती तिची विहीर आहे. सीट बारीक झाली, खडबडीत झाली किंवा झडप तिच्यावर तिरकी बसू लागली की उष्णतेची वाट अडते. मग कडेवर कोठेतरी केसाएवढी फट पडते, तीतून ज्वाळा फुंकनळीतून यावी तशी सुटते आणि थाळीच्या कडेला खाच पाडते. गाडीचा एक सिलिंडर गळतो, गाडी 'मिसिंग' करू लागते, चढावर दम टाकते आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, व्हॉल्व्ह जळला."

हेड उतरले, झडप हातात आली, की बहुतेक ठिकाणी ती भंगाराच्या डब्यात जाते. ही घाई करू नये. नवी झडप कोणती घ्यावी, याचे निम्मे उत्तर जुन्या झडपेवर लिहिलेले असते. आठही झडपा ज्या जागेच्या त्या जागी ओळीने मांडाव्या. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून आकडे घातले तरी पुरे. झडपेवर पंच मारून खूण करू नये. मग एकेक पाहावी. कडेला एकाच ठिकाणी खाच असेल तर तेथे फट राहत होती. ती टॅपेट फार कसल्याने असेल, कोळशाचा कण अडकल्याने असेल किंवा सीट वाकडी झाल्याने असेल. थाळी मधून खोलगट होऊन दांडी ताणल्यासारखी दिसत असेल तर धातूला उष्णता सोसवलेली नाही, असे समजावे. इनलेट झडपेच्या पाठीवर तेलकट काळ्या कोळशाचा थर असेल तर गाइड झिजला आहे किंवा तेल अडविणारे सील गेले आहे, आणि इंजिनाचे तेल तेथून खाली उतरते आहे. दांडीचे टोक ठेचल्यासारखे पसरले असेल तर टॅपेटमधील अंतर फार दिवस जास्त राहिले होते. आणि थाळीची कड सीटच्या मध्यावर न टेकता एका अंगाला चमकत असेल, तर झडप सरळ उभीच राहत नव्हती.

ॲम्बॅसेडरच्या हेडात आणखी एक गोष्ट पाहावी. त्यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या एक्झॉस्ट झडपा शेजारी शेजारी असून त्यांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो. साहजिकच दोन चुली एका धुराड्याला जोडाव्या तसा तेथे ताप अधिक साचतो. जळलेल्या झडपा याच दोन निघाल्या आणि कडेच्या दोन शाबूत राहिल्या, तर पाण्याच्या वाटा गाळाने चोंदल्या आहेत काय, याचा तपास नव्या झडपा आणण्यापूर्वी केला पाहिजे. नाहीतर 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' असा प्रकार होतो. झडपा बदलत राहाव्या आणि त्या जळत राहाव्या.

आता सोयरिकीतील पहिला नातेवाईक, म्हणजे गाइड. ही दांडीला सरळ उभी ठेवणारी नळी होय. नवी कोरी झडप झिजलेल्या गाइडमध्ये घालणे ही या कामातील सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत खोटी काटकसर आहे. झिजलेला गाइड दोन्ही तोंडांना घंटेसारखा रुंदावतो. त्यात झडप डुलते, दर वेळी सीटच्या निराळ्या बाजूवर आपटते आणि काही दिवसांत सीट लंबगोल करून टाकते. थाळी अशी दर वेळी एका कडेवर आपटत राहिली की मानेपाशी धातू थकतो. शेवटी मान तुटली तर थाळी सिलिंडरमध्ये पडते; पिस्टन फुटतो, हेडला भोक पडते आणि कधी सिलिंडरची भिंतही चिरते. झडपेच्या किमतीत जे काम व्हावयाचे ते इंजिनाच्या किमतीवर जाते. भाड्याच्या गाडीवर ज्याचे घर चालते, त्याच्या दृष्टीने हा हिशेब पुस्तकी नाही. त्याची गाडी महिनाभर दारात उभी राहते.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी गाइड, मग सीट, शेवटी झडप. दांडी आणि गाइड यांतील मोकळीक इनलेटला साधारणपणे मिलिमीटरच्या तीन ते सहा शतांश आणि एक्झॉस्टला त्याहून थोडी अधिक असते. नेमका आकडा ज्या त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा. ॲम्बॅसेडरच्या इंजिनातील गाइड दाबून काढता आणि बसविता येतात. काही इंजिनांत गाइड हेडच्याच धातूत कोरलेला असतो. तेथे भोक रीमरने थोडे मोठे करून जाड दांडीची झडप घालण्याची सोय असते. म्हणजे गाइडचा निर्णय झाल्यावाचून दांडीची जाडीसुद्धा ठरत नाही. तेव्हा हेड लेथवाल्याकडे मोजले जाण्यापूर्वी दुकानात जाऊन झडपा विकत आणणे हे उलटे काम होय.

दुसरा नातेवाईक सीट, आणि तिसरे इंधन. या दोघांची कथा एकत्रच सांगितली पाहिजे. १९२१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील डेटन या गावी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळले तर इंजिनाचे ठोके थांबतात. त्यासाठीच ते पुढे जगभर पेट्रोलमध्ये घातले जाऊ लागले. पण औषध एका रोगावर दिले आणि गुण दुसऱ्याच रोगावर आला, असे येथे घडले. जळलेल्या शिशाच्या संयुगांचा एक पातळ थर झडप आणि सीट यांच्यामध्ये बसे आणि दोन तापलेल्या लोखंडांना एकमेकांना चिकटू देत नसे. साध्या लोखंडाच्या सीटा वर्षानुवर्षे टिकत, त्या या अदृश्य थराच्या जोरावर.

शिसे मात्र विष आहे. ते धुराबरोबर हवेत जाई आणि माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तात आणि मेंदूत उतरे. म्हणून देशोदेशी ते बंद करण्यात आले. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही २०२१ साली ते बंद झाले. हा बदल मनुष्यजातीच्या हिताचा झाला, यात शंका नाही. परंतु जुन्या हेडांतील मऊ सीटा मात्र त्यामुळे उघड्या पडल्या. थर नाहीसा झाल्यावर तप्त झडप सीटला क्षणभर चिकटते, उघडताना तिचा सूक्ष्म कण उपटून नेते, आणि तो कण गंजून काचकागदासारखा पुन्हा सीटच घासतो. सीट हळूहळू खोल जाते आणि तिच्याबरोबर झडपही हेडमध्ये रुतत जाते.

या रुतण्याचे लक्षण मोठे फसवे आहे. झडप आत रुतली की तिच्या दांडीचे टोक वर सरकते आणि टॅपेटमधील अंतर कमी होते. एरवी टकटक करणारे टॅपेट गप्प होतात आणि मालक आनंदाने म्हणतो, इंजिन कसे शांत चालते आहे! वास्तविक ती शांतता वादळापूर्वीची असते. अंतर पुरते संपले की झडप सीटवर नीट टेकत नाही, निवत नाही आणि जळते. टॅपेटचा किंचित आवाज ही इंजिनाच्या आरोग्याची खूण आहे. तो आवाज आपोआप बंद झाला तर टॅपेटचे अंतर ताबडतोब मोजले पाहिजे.

आता प्रश्न असा की, अशा हेडाला कठीण धातूच्या वेगळ्या सीटा बसवाव्या काय? येथे सरसकट उत्तर देणे बरोबर होणार नाही. सीट रुतण्याचा वेग गाडीच्या कामावर अवलंबून असतो. रविवारी गावात चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या लोखंडी सीटा दीर्घकाळ टिकतील. महामार्गावर तासन् तास वेगाने, ओझे घेऊन धावणारी गाडी त्याच सीटा पुष्कळ लवकर खाऊन टाकील. आणि सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीची परीक्षा त्याहूनही कठीण, कारण हे इंधन कोरडे असते. त्यात सीटला ओलावा देणारे काहीच नसते. अशा गाडीला एक्झॉस्टच्या बाजूने कठीण सीटा घालणे हेच शहाणपणाचे. मात्र लोखंडी हेडात त्यांच्यासाठी खळगा कोरताना खाली पाण्याची पोकळी असते हे विसरता कामा नये. तेथे हात चुकला तर हेड फुकट जाते. हे काम हेड नीट धरून, माप घेऊन करणाऱ्या कुशल माणसाकडेच द्यावे.

इंधनाविषयी आणखी एक गोष्ट. २०२५ साली आपल्या देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलला जळण्यासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुना कार्बोरेटर मात्र पूर्वीच्याच हिशेबाने हवा घालीत राहतो आणि मिश्रण पातळ पडते. झडपा नव्या घातल्या आणि कार्बोरेटरकडे पाहिलेच नाही, तर अर्धे काम झाले असे समजावे.

गाइड ठरला, सीट ठरली, इंधन ठाऊक झाले. आता झडपेच्या धातूकडे वळू. इनलेट झडपेसाठी सिलिकॉन आणि क्रोमियम घातलेले पोलाद पुष्कळ वर्षे वापरात आहे. बाजारात ते 'ईएन ५२' या नावाने ओळखले जाते. ते कठीण करता येते, झिजेला टिकते आणि इनलेटच्या तापमानाला पुरून उरते. एक्झॉस्टला मात्र तेवढ्याने भागत नाही. तेथे '२१-४ एन' हे पोलाद सर्वमान्य आहे. त्यात सुमारे २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असून मँगेनीज आणि नायट्रोजन यांचीही भर असते. लाल होण्याइतके तापले तरी ते आपली ताकद पुष्कळ अंशी राखते आणि गंजत नाही. त्याची ओळख अशी की, त्याला लोहचुंबक चिकटत नाही. परंतु पुष्कळ एक्झॉस्ट झडपा दोन तुकडे जोडून केलेल्या असतात. थाळी या पोलादाची आणि दांडी साध्या कठीण पोलादाची. म्हणून चुंबक थाळीपाशी लावून पाहावा. दांडीला तो चिकटला म्हणून माल खोटा ठरत नाही. थाळीला घट्ट चिकटला तर मात्र ती झडप कोणत्या पोलादाची आहे, हे दुकानदाराला विचारावे.

या उत्तम पोलादालाही आपले दोष आहेत आणि ते ठाऊक नसले तर महाग झडप स्वस्त झडपेहून लवकर दगा देते. एक तर उष्णतेने ते साध्या पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. तेव्हा जुन्या साध्या पोलादाच्या दांडीसाठी ठेवलेली तंतोतंत मोकळीक त्याला अपुरी पडते आणि दांडी गाइडमध्ये अडकते. दुसरे, ते ओतीव लोखंडाच्या गाइडवर नुसतेच घासले तर ओरखडते. म्हणून दांडीला क्रोमचा मुलामा हवा, किंवा गाइड काशाचा हवा. तिसरे, पाणी देऊन ते कठीण होत नाही. म्हणून दांडीच्या टोकावर निराळ्या कठीण धातूची टोपी असावी लागते, नाहीतर रॉकर ते टोक कुरतडतो. सारांश, झडप 'भारीतली' घेतली आणि गाइड जुनाच ठेवला, तर चांगल्या वस्तूपासून वाईट परिणाम होतो.

याहून वरच्या पायऱ्याही आहेत. थाळीच्या कडेवर स्टेलाइट या कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर दिलेल्या झडपा जड वाहनांत आणि गॅसच्या इंजिनांत वापरतात. दांडी पोकळ करून तीत सोडियम भरलेल्या झडपाही असतात. सोडियम ९८ अंशांना वितळते, झडपेच्या हालचालीबरोबर दांडीत वरखाली डचमळते आणि थाळीची उष्णता उचलून वर नेते. ही युक्ती १९२० च्या दशकात सॅम हेरन या इंग्रज अभियंत्याने अमेरिकेत विमानांच्या इंजिनांसाठी सिद्ध केली. ती अजब आहे, पण सामान्य गाडीला तिची गरज नाही; आणि अशी जुनी झडप हाती आली तर ती कापून पाहण्याचा मोह टाळावा, कारण सोडियम पाण्याशी गाठ पडताच पेट घेते. टायटॅनियमच्या झडपा शर्यतीच्या गाड्यांसाठी असतात. रविवारच्या ॲम्बॅसेडरला त्या घालणे म्हणजे 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला'. थाळी मूळच्यापेक्षा मोठी घेण्याचीही काहींना हौस असते. तिने ताकद वाढेल या आशेने सीटांमधला लोखंडी बांध पातळ केला जातो आणि तोच पुढे तडकतो.

आता दुकानात जावे. पुण्याची नाना पेठ असो, दिल्लीचा काश्मीरी गेट असो, कोलकात्याचा मलिक बाजार असो की चेन्नईचे पुदुपेट. सर्वत्र एकाच नावाच्या पेटीत तीन प्रकारचा माल मिळतो. गिऱ्हाइकाने जुनी झडप, मायक्रोमीटर आणि एक छोटा चुंबक बरोबर न्यावा. दांडीची जाडी तीन ठिकाणी मोजावी. एकूण लांबी, थाळीचा व्यास, कडेचा तिरपेपणा, आणि स्प्रिंगची वाटी धरणाऱ्या लॉकासाठी कोरलेली खाच या साऱ्या गोष्टी जुनीशी ताडून पाहाव्या. ही खाच किरकोळ दिसते. पण लॉक तीत घट्ट बसले नाही तर झडप सुटून खाली पडते. आठही झडपा काचेच्या फळीवर लोळवून पाहाव्या. वाकडी दांडी डोळ्यांना लगेच दिसते. मानेच्या वळणावर बोट फिरवावे. तेथे ओरखडा किंवा लेथची खोल रेघ असेल तर झडप घेऊ नये, कारण धातूची भेग अशाच ओरखड्यातून जन्म घेते. वेष्टनावरील नावापेक्षा हा बोटाचा स्पर्श अधिक विश्वासू साक्षीदार आहे.

येथे मालक हटकून एक प्रश्न विचारतो. "मिस्त्री, जळली एकच, मग आठ कशाला?" हा प्रश्न कंजूषपणाचा नाही, रास्त आहे. आठही बदलाव्यात असा दंडक नाही. इनलेट झडपांची दांडी मापात असेल, त्या सरळ असतील आणि कड पुन्हा घासल्यावर थाळीच्या काठाची जाडी पुरेशी उरत असेल, तर त्या खुशाल वापराव्या. हा काठ सुमारे एक मिलिमीटरच्या खाली गेला की झडप टाकून द्यावी. पातळ काठ विस्तवासारखा लाल होतो आणि ठिणगी पडण्यापूर्वीच पेट्रोल पेटवितो. एक्झॉस्टच्या बाबतीत मात्र एक झडप जळली तर उरलेल्या तिघींनी तितकेच किलोमीटर, तोच ताप आणि तेच इंधन सोसलेले असते. हेड उतरविण्याची मजुरी आणि गॅस्केट यांचा खर्च पुन्हा करण्यापेक्षा त्या चारही एकदम बदलणे हिताचे. जो मिस्त्री हे मापासह दाखवून सांगतो, त्याचे ऐकावे. जो माप न घेताच 'सगळे बदला' म्हणतो किंवा माप न घेताच 'चालेल' म्हणतो, त्या दोघांपासून सारखेच सावध राहावे.

झडपा आल्या, गाइड बसले, सीटा त्या गाइडच्या मध्याला धरून कापल्या, म्हणजे उरते ते बसविणे. पूर्वी सारे काम लाकडी दांड्याला रबरी चकती लावून, मसाला घालून तळहातांत घुसळून होई. आजही ते करतात. पण ते काम शेवटचा हात फिरविण्यापुरतेच असावे, सीटचा वाकडेपणा काढण्यासाठी नव्हे. मसाल्याचा कणही मागे राहता कामा नये; तो गाइडमध्ये गेला तर नव्याचे जुने करावयास वेळ लावीत नाही. घासल्यावर सीटवर करडी, अखंड, एकसारख्या रुंदीची कडी दिसली पाहिजे. एक्झॉस्टला ती इनलेटपेक्षा थोडी रुंद ठेवतात, कारण तिला उष्णता अधिक वाहून न्यावयाची असते. मग हेड उलटे ठेवून खळग्यांत रॉकेल ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. झडपेखालून थेंब झिरपला नाही तर काम साधले. शेवटी दांडीची टोके एका उंचीत आहेत ना आणि स्प्रिंगा सारख्या दाबल्या गेल्या आहेत ना, हे पाहावे. इंजिन जोडल्यावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे टॅपेटचे अंतर ठेवावे आणि गाडी काहीशे किलोमीटर चालली की ते पुन्हा मोजावे, कारण नवी झडप सीटवर बसताना थोडी खाली बसते. हे दुसरे माप पुष्कळजण विसरतात आणि चांगल्या झडपा त्या विसरण्यात जळतात.

श्रोतेहो, यंत्राच्या बाजारात आपल्याला नेहमी दोनच वाटा दाखविल्या जातात: स्वस्त आणि महाग. झडपेचा विचार करताना तिसरी वाट दिसते, ती म्हणजे योग्य. सावकाश चालणाऱ्या गाडीला साधी, मापात बसणारी झडप योग्य. गॅसवर दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीला कठीण सीट आणि तिला साजेशी झडप योग्य. ही योग्यता पेटीवर छापलेली नसते. ती जुन्या झडपेवरील खुणांत, मायक्रोमीटरवरच्या आकड्यांत आणि गाडी कोणते काम करते या साध्या प्रश्नाच्या उत्तरात असते. हेड उतरलेले आहे, तोवर हे सारे पाहावयास अर्धा दिवस पुरतो. ते एकदा परत चढविले की पाहण्याची संधी संपते आणि मग झडप आपला निकाल स्वतःच देते, बहुधा एखाद्या घाटात.